अकरा मिनिटांचा निकाल

आमच्या हॅल्डनशॉ कबुतर क्लबात संगणक कळणारा माणूस एकच, आणि तो मी. हे मी स्वतः सांगतोय असं नाही. क्लबातले सगळेच सांगतात. का सांगतात, ते मला गेल्या महिन्यात कळलं.

संगणक १९८४ सालचा, ठेवलेला माझ्या घरी. शर्यतीच्या शनिवारी फ्रान्समधून सोडलेली कबुतरं यॉर्कशरला पोचली, की प्रत्येकाची वेळ त्यात घालायची. सोडल्या जागेपासून प्रत्येकाच्या ढाबळीपर्यंतचं, म्हणजे कबुतरखान्यापर्यंतचं, अंतर संगणकाच्या फ्लॉपी तबकडीत नोंदलेलं. अंतराला वेळेनं भागून तो वेग काढतो आणि वेगावर नंबर लागतात. एवढ्या कामाला त्याला अकरा मिनिटं लागत. मी ठरवलं, स्मृती वाढवणारी पट्टी बसवायची. निकाल चार सेकंदांत.

"अकरा मिनिटांत आमचा एक ग्लास बिअर होतो," विल्फ सगडन म्हणाला. विल्फ माझा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त आणि तितकीच वर्षं शर्यतीतला दुसरा किंवा तिसरा. "घाई कुणाला आहे, सेड्रिक?"

"प्रगती थांबत नाही," मी म्हणालो. त्याच दिवशी कपाटात जागा हवी म्हणून अंतरांची जुनी वही रद्दीत घातली. सगळं तबकडीत आहेच की.

गुरुवारी दुपारी पट्टी बसवली. बटण दाबलं. पडदा काळा, आणि सुईणीनं चापट मारल्यावर बाळानं भोकाड पसरावं तसा एकच लांब सूर.

पट्टी काढली. सूर चालूच.

"काढलंस ना? मग आधीसारखं का होत नाही?" बायको डोरीननं विचारलं.

"तेच शोधतोय."

"आधीसारखंच कर की."

"आधीसारखंच आहे, डोरीन."

शुक्रवारभर मी पाठीत कुबड येईस्तोवर वाकून होतो. सगळ्या चिपा उपटल्या, खोडरबरानं त्यांचे पाय घासले, परत खोचल्या. एका चिपेचा पाय पोटाखाली दुमडलेला सापडला. चिमट्यानं सरळ केला, आणि पडदा उजळला. पट्टी लावली, तरी उजळला. मी स्वयंपाकघरात जाऊन डोरीनचा मुका घेतला. तिनं मला चहा न देता तापमापक दिला.

शनिवारी पाच वाजता सगळा क्लब माझ्यामागे उभा. शेवटची वेळ टाइप केली. आतून फट्ट आवाज आला आणि झाकणाच्या फटींतून तपकिरी धूर निघाला. वास असा, की बत्तीस माणसं ग्लास घेऊन अंगणात गेली.

"पट्टीमुळे?" विल्फनं विचारलं.

"वीजपुरवठ्याचा डबा गेलाय. चाळीस वर्षांचा भाग आहे, कधीतरी जाणारच होता."

"आजच?"

मी खाली बसलो. अंतरं तबकडीत, तबकडी फक्त याच यंत्राला वाचता येते, आणि यंत्र धुरात. वही रद्दीत. विल्फचं कबुतर सगळ्यांत आधी आलं होतं. डॉक्टरांनी विल्फला पुढच्या वर्षी ढाबळ मोडायला सांगितलेली. म्हणजे त्याचा हा शेवटचा हंगाम, आणि त्याचा निकाल मी जाळला होता. त्यानं आपला ग्लास माझ्याकडे सरकवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटी कुणीतरी मिस पिकरिंगना आणलं. वय शहाऐंशी, शाळेत गणित शिकवायच्या, माझ्याआधी क्लबाच्या चिटणीस. त्यांच्याकडे अंतरांची स्वतःची वही होती. नकाशा पसरून, फूटपट्टी धरून त्यांनी पेन्सिल चालवायला घेतली.

"सेड्रिक, तू हल्ली नदीकाठी राहतोस ना?"

"हो, मिस. टेकडीवरचं घर सोडून चार वर्षं झाली."

"हं," त्या म्हणाल्या आणि एक आकडा खोडला.

पाऊण तासानं निकाल आला: विल्फ पहिला, मी दुसरा. विल्फनं टोपी काढून तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिला.

बुधवारी टपालानं वीजपुरवठ्याच्या डब्यातला शेंगदाण्याएवढा भाग आला, तो मी सोल्डर करून बसवला. यंत्र सुरू झालं. खात्री करायला मी शनिवारच्याच वेळा घातल्या. खरोखर चार सेकंद लागले. पडद्यावर आलं: पहिला, सेड्रिक.

पुन्हा घातल्या. पुन्हा मीच.

मग माझ्या ढाबळीचं अंतर पाहिलं. टेकडीवरचंच होतं. नदीकाठच्या घरापेक्षा सातशे गज जास्त. ते बदलायचं काम क्लबात एकाच माणसाचं. चार वर्षं माझी कबुतरं न उडलेल्या सातशे गजांच्या जोरावर जिंकत होती, आणि घरात तीन चषक होते.

ते पिशवीत घालून मी विल्फकडे गेलो. तो ढाबळ झाडत होता. मी सगळं सांगितलं.

"ठाऊक आहे," विल्फ म्हणाला. "तू घर बदललंस त्याच हंगामात कळलं."

"कुणाकुणाला?"

"सगळ्यांना."

"मग बोलला का नाहीत?"

विल्फनं केरसुणी भिंतीला टेकवली.

"बोललो असतो तर तू चिडून यंत्र सोडलं असतंस," तो म्हणाला. "मग ते सांभाळलं कुणी असतं?"