अण्णा परबांची मोर्सची परीक्षा

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत अण्णा परबांशी कोणी दोन शब्द बोललं, की अण्णा आधी त्याच्या आवाजाला मार्क देतात. "तुझा रिपोर्ट पाच-सात. मागे कुकरची शिट्टी येतेय. परत बोल." पाच-नऊ म्हणजे खणखणीत. तो मान आजवर फक्त परबवहिनींना मिळालाय, तोही स्वयंपाकघरातून.

अण्णा शिवडीच्या एका गोदामात कारकून होते. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत फिरायला जातात, यांनी हॅम रेडिओचं खूळ घेतलं. म्हणजे घरी सेट बसवायचा आणि कुठल्याशा गावातल्या तितक्याच हौशी माणसाशी हवेवर बोलायचं. त्याला सरकारी परवाना लागतो, आणि परवान्याला परीक्षा. हवेवर राजकारण, धर्म आणि धंदा बोलायचा नाही, असा नियम अण्णांनी पुस्तकात वाचला आणि सवय व्हावी म्हणून गॅलरीतही लागू केला. गणपती मंडळाच्या मीटिंगला आले आणि दोन तास तोंड मिटून बसले. त्या तिन्हींखेरीज चौथा विषयच निघाला नाही, त्याला ते तरी काय करणार.

परवाने दोन तऱ्हेचे. खालच्याला मोर्स, म्हणजे तारखात्याची ती कट्ट-कडकट्ट भाषा, लागत नाही, वरच्याला लागते. अण्णांना वरचाच हवा होता. मग सुरू झालं डिट-डिट-डा. चमच्याने ताटलीवर, पेनने कठड्यावर, बोटाने माझ्या खांद्यावर. आरतीला त्यांच्या हातात झांजा दिल्या, तर दुसऱ्या कडव्याला सगळी आरतीच अडखळली. ढोलकीवरचा जाधव थांबून म्हणाला, "अण्णा, ताल कुठाय?"

"ताल तू बघ रे. माझं मोर्सचं क्यू अक्षर कच्चं आहे, ते पक्कं करून घेतो."

परीक्षेत मोर्स ऐकून अक्षरं उतरवायची असतात. अण्णा दोनदा नापास झाले. आयुष्यात त्यांनी कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलेलं नाही. तिथेही अर्धा शब्द ऐकायचे आणि उरलेला आपल्या मनाने लिहून मोकळे व्हायचे. दुसऱ्या खेपेला घरी आले ते थेट पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. वहिनींनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अण्णा, खालचा परवाना घ्या की. मस्त तोंडाने बोला. या वयात ही डिट-डा कशाला?"

ते वळले. गळ्याशी आलं की अण्णांची मालवणी सुटते.

"थोरलो भाव देवगडाक आसा. आयुष्यभर बोटीवर वायरलेसार होतो. गेल्या वर्षी घशाचा ऑपरेशन झाला, आवाज गेलो. डोळ्यांक दिसणा नाय, म्हणजे मेसेजय नाय. फोन केलंय तर मीच एकटो बोलतंय. तो नुसतो आयकता. मधीच फोन ठेवता." उठून बसत म्हणाले, "मोर्सची चावी मात्र अजून वाजयता. घरात सेट आसा, परवानो आसा. पण समोर कोण नाय."

मला फार वाईट वाटलं, आणि वर्षभर केलेल्या थट्टेची लाजही वाटली. त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून पुस्तकातली अक्षरं चमच्याने वाजवू लागलो. पुढचं मनाने लिहायला अण्णांचा हात सरसावला, की वहिनी मागून ओरडायच्या, "थांबा, त्याचं होऊ दे."

तिसऱ्या खेपेला अण्णा पास झाले. परवाना आला, गच्चीवर एरियलची तार चढली. देवगडच्या पुतण्याला फोन करून रविवारी सकाळी आठची वेळ ठरली. अण्णा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून सेटसमोर बसले. चावी वाजवली. खरखर. पुन्हा वाजवली. नुसतीच खरखर. तिसऱ्यांदा वाजवली.

मग त्या खरखरीतून बारीक, संथ, एकसारखे सूर यायला लागले. अण्णांची पेन्सिल एकेक अक्षर उतरवत गेली. बराच वेळ ती चालली होती, पण कागदावर एकच ओळ होती.

"काय म्हणतात?" मी हळूच विचारलं.

"काय नाय." अण्णांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "जेवलंस काय, म्हणान विचारता."

सव्वाआठ वाजले होते. काळजीने अण्णांनी सकाळपासून चहाही घेतला नव्हता. त्यांनी चावीवर बोट ठेवलं आणि भावाला सावकाश कळवलं, होय, पोटभर जेवलो.