खिडकीकडे पाठ

तुरीच्या राशींच्या दिवसांत, वर्ष अर्धं उलटून गेल्यावर, विजयश्रीबाईंनी सातवीचा वर्ग फिरवला. बाकं फिरवली, समोरच्या भिंतीवर जुना फळा टांगला आणि शेताच्या वाटेवरच्या दोन्ही खिडक्या मुलांच्या पाठीमागे टाकल्या. आठवड्याला जागा बदलायची, वाचताना मागे वळायचं नाही, असे नियमही केले.

कारण तसंच होतं. मागच्या भेटीत शिक्षण खात्याचे किरणकुमार साहेब वर्गात थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "बाई, तुमची पोरं फक्त हजेरीपुरती वर्गात हायत. लक्ष सगळं खिडकीत. पुढच्या खेपेला असंच दिसलं, तर तुम्हाला निर्ण्याला पाठवावं लागंल." बाईंचं घर संतपूरला, शाळा शेजारच्याच खेड्यात. घरी तीन वर्षांची लेक आणि गुडघे धरून बसलेली सासू. निर्णा पडलं जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला.  बाईंनी मोबाइलवर वर्ग कसे मांडावेत याचे व्हिडिओ बघितले आणि कंबर कसली.

एक गोष्ट मात्र व्हिडिओत नव्हती. या खिडक्या म्हणजे गावाच्या निरोपांची जागा होती. फोन घरोघरी होते, पण फोन आलाच नाही असं म्हणता येतं. पोराच्या तोंडून आलेला निरोप मात्र नाकारता येत नाही. त्यात शेतातून येणाऱ्याच्या डोक्यावर भारा असतो, मान वळवता येत नाही. पहिल्या खिडकीत हरिओम, दुसऱ्या खिडकीत अंबिका, हे सगळ्या गावाला पाठ होतं. माणसं न बघताच बोलून पुढे जात. ज्याच्या कानावर निरोप पडला त्यानं तो आपल्या घरी पोचवायचा, अशी रीत होती.

मंगळवारी दुपारी सोयरिकी जुळवणारी चंद्रम्मा कडब्याचा भारा घेऊन दुसऱ्या खिडकीशी आली आणि चालता चालता म्हणाली, "आईला सांग, सांजच्याला पाव्हणे पोरगी बघायला यायलेत. पोहे भिजव म्हणावं." त्या जागी आता अंबिका नव्हती. पाठ करून बसलेला बसवेश होता. नियमाप्रमाणे त्यानं मागे बघितलं नाही. लक्ष देऊन ऐकलं आणि घरी जाऊन शब्दन् शब्द सांगितला.

बुधवारी शाळा उघडायच्या आत बसवेशची आई यल्लम्मा आणि अंबिकाचे वडील अंकुशराव दारात उभे होते. हेडमास्तर गुरप्पा सर दोघांच्या मधे उभे होते.

"माझ्या घरात दोन पोरंच हायत, बाई," यल्लम्मा म्हणाली. "पोरगी कुठली दाखवू? पर निरोप आला म्हणून अंगण सारवलं, पातेलंभर पोहे केले. कुणी आलंच न्हाई!"

"आले की! माझ्याकडं आले!" अंकुशराव म्हणाले. "आमची थोरली तवा गोठ्यात शेण काढायली. घरात वाटीभर साखर न्हाई. पाव्हणे पाणी पिऊन गेले."

"मग यल्लम्माच्या घरून पोहे आणायचे की," गुरप्पा सर म्हणाले.

"मला काय सपान पडलं व्हय, सर, त्यांच्यात पोहे झालेत म्हणून?"

 सर बाईंकडे वळले. "बाई, वर्ग बदला, माझं काही म्हणणं न्हाई. पर कोण कुठं बसतंय ते गावाला कळवायला पाहिजे होतं."

 बाई चिडल्या. "मुलांना निरोप द्यायचेच कामून? ती शिकायला येतात!"

"मग कुणाला द्यायचे?" अंकुशरावांनी विचारलं.

"मला द्या!" बाई म्हणाल्या.

रागात बोललेलं खरं मानायचं नसतं, पण अंकुशरावांनी ते मानलं आणि दिवस मावळायच्या आत गावभर केलं. गुरुवारपासून लोक खिडकीशी थांबून "बाई!" अशी हाक मारू लागले. उठून उठून पाय दुखायला लागले तेव्हा बाईंनी आपलं टेबलच खिडकीला लावलं. कोणाची मोटर जळली, कोणाच्या म्हशीचे दिवस भरले, कोणाची सासू रुसून औरादला गेली, सगळं बाईंना तोंडपाठ झालं. बाईंचं शिकवणं थांबल्यामुळे मुलांना वाचण्यावाचून इलाज उरला नाही. ती खाली माना घालून वाचू लागली आणि त्यांना गोडीही लागली.

सोमवारी किरणकुमार साहेब न सांगता आले. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती. साहेब बाकांमधून फिरले, एकानंही मान वर केली नाही. साहेबांनी बाईंना शोधलं. बाई कमरेपर्यंत खिडकीबाहेर वाकल्या होत्या.

"म्हैस लाथ मारायलीय का आटलीय ते नीट सांगा," त्या बाहेरच्या चनमल्लप्पाला विचारत होत्या. "डॉक्टर विचारतील ना मला!"

साहेब खाकरले. बाई आत आल्या. त्यांच्या केसात कडब्याचं पान अडकलं होतं.

"पोरं एक नंबर," साहेब म्हणाले. "खिडकीकडं एकजण बघंना. बघायल्या फक्त बाई! वर्ग ठेवतो, बाई बदलतो. निर्ण्याची ऑर्डर पाठवायला सांगतो आजच."

साहेब निघून गेले. बाई टेबलाशी बसून राहिल्या. त्यांना लेक दिसत होती, आणि बसस्टँडवर जाणारी आपली पिशवी दिसत होती. रडू येत होतं, पण मुलं वाचत होती.

एवढ्यात खिडकीबाहेर मोटरसायकल थांबली. गाडी चालूच होती. वर बसलेले किरणकुमार साहेब इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "बाई, हेडमास्तर जागेवर न्हाईत. त्यांना एवढा निरोप सांगा. मी उदगीरला चाललोय, साडूच्या नव्या घराची वास्तुशांत हाय. ऑफिसातून फोन आला, तर साहेब दिवसभर शाळेतच हायत म्हणावं."

बाईंनी केसातलं पान काढून टेबलावर ठेवलं.

"सांगते की, साहेब," त्या शांतपणे म्हणाल्या. "पर ऑर्डर आजच निघायलीय. मी निर्ण्याला गेल्यावर कुणी विचारलं, तर तुम्ही कुठं होता ते हितं कोण सांगणार?"

साहेबांनी गाडी बंद केली. 

"बाई," ते म्हणाले, "टेबल हाय तिथंच राहू द्या."