तिसगावच्या कण्यांनी करंजी घाट फत्ते केला त्याची हकीकत

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, थंडी ऐन भरात असता, मौजे तिसगाव, तालुके पाथर्डी, येथे जे मातबर राजकारण जाहले आणि एका वाटीने जी मोहीम मारली, तिची हकीकत पुसाल तर ऐसी जे, लिहिणार त्या गाडीत मागल्या बाकावर जातीने हजर होता, सबब गाडीतले काही ऐकीव लिहिले नाही, आणि जेथे लिहिणाराचा जीव भज्यात अडकला तेथे तेही छपविले नाही.

तिसगावी भागवतराव म्हणोन एक नामांकित सरदार. सतरा आसनांची मिनीबस पदरी बाळगून होते, आणि रोज सकाळी सातास तिसगावहून कूच करोन घाटमार्गे नगरास सवाऱ्या पोहोचवीत. गृहस्थ मोठा कष्टाळू. पहाटे साडेचारास उठोन गाईंच्या धारा काढाव्या, मग गाडी धुवावी, मग अर्धा कप चहा पोटात टाकोन चक्रावर बसावे, ऐसा नित्यक्रम. चहाचा अंमल तो किती? घाट लागला की पोटात नगारे वाजू लागत. आणि घाटातच आप्पासाहेबांचे हॉटेल. मार्गावरील रिवाज ऐसा की जो ड्रायव्हर सवाऱ्या घेऊन थांबेल, त्यास व त्याच्या कंडक्टरास नाष्टा मोफत. त्या रिवाजास मान देऊन भागवतराव व कंडक्टर परवेझ, उमर चाळीस, दोघे कढईसमोर ठाण मांडीत ते पाऊण तास हलत नसत. सवाऱ्या कुरकुरत, मग त्याही भजी घेत. लिहिणारानेही घेतली आहेत. कांद्याची, कुरकुरीत, सोबत तळलेली मिरची. शत्रू झाला तरी गुण सांगितला पाहिजे.

या रिवाजात मारली गेली ती भागवतरावांची कन्या सृष्टी. ती नगरास नर्सिंगच्या कॉलेजात शिके. प्रॅक्टिकलचा वर्ग आठवड्यातून एकदा नवास भरे आणि नवास दार लागे. दुसऱ्या गाडीने जावे तर बापाची स्वतःची गाडी असता लेक परक्याच्या गाडीत बसली, म्हणोन मुलखात नाचक्की. सबब बापाच्याच गाडीत बसावे, बापाच्याच भज्यांपायी उशीर व्हावा, आणि दाराबाहेर उभे राहावे, ऐसे पाच वेळा जाहले. पोरीने घरी चकार शब्द काढला नाही. पुढे प्रॅक्टिकल परीक्षेचा बुधवार ठरला, आणि कॉलेजातून फर्मान सुटले की नवानंतर जी येईल तिला आत घेणार नाही, तिने पुढल्या वर्षी यावे. तेव्हा मात्र कन्येने मनाशी खलबत केले. बापास थांबू नका म्हणावे तर तो हो म्हणेल, आणि घाटात भूक लागली की पाय आपसूक ब्रेकवर जाईल. लढाई बापाशी नव्हे, भुकेशी आहे, ऐसे तिने ताडले, आणि तेथेच अर्धी मसलत फत्ते जाहली.

अभ्यासाच्या सुटीचे दोन दिवस हाती होते. सोमवारी तिने दुकानातून ओट्सचे पाकीट आणोन, दुधात शिजवोन, साखर घालोन बापापुढे ठेविले. भागवतरावांनी ते गुमान खाल्ले आणि उठताना एवढेच विचारले की आता खायला काय आहे. मग कूच जाहले, आणि घाट लागण्याआधीच ओट्सची फौज मोड खाऊन पसार जाहली, आणि गाडी आप्पासाहेबांच्या दारी नेहमीपेक्षा पाच मिनिटे आधी उभी राहिली. त्या विलायती फौजेविषयी अधिक लिहीत नाही. ज्याला पचते त्याने खावे.

कन्या खचली नाही. तिने घरची ज्वारी मिक्सरात भरड दळोन कण्या काढल्या, भाजोन डब्यात भरल्या, आणि संध्याकाळीच दोन मुठी पाण्यात भिजत घातल्या. मंगळवारी सकाळी त्यात मूठभर मूगडाळ टाकोन कुकरास तीन शिट्ट्या दिल्या. मग घट्ट ताक ओतोन, वरून जिरे-लसणाची फोडणी, भाजल्या शेंगदाण्याचे कूट आणि जवसाची चटणी, ऐसा सरंजाम अवघ्या पंधरा मिनिटांत सिद्ध केला. भागवतराव मोठी वाटी आणि चमचा घेऊन ओट्यावर बसले. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले, कारण चव नेमकी जमली होती.

येथेच घात जाहला. तिसगावी वहिवाट ऐसी की धडधाकट गडी सकाळी भाकरी खातो, आणि वाटीतले मऊ अन्न चमच्याने खाणारा तो आजारी. शेजारच्या बनुबाई पाण्यास निघाल्या होत्या, त्यांनी हे दृश्य पाहिले आणि घागर तेथेच ठेविली. काय होतंय म्हणोन पुसले. भागवतरावांच्या तोंडात कढत घास, ते बोलू शकेनात, नुसता हात हलविला. वाचा गेली, ऐसा बनुबाईंनी अर्थ घेतला. मग काय विचारता. घटकेत आळी लोटली. एकाने शहाळे आणले, दुसऱ्याने अंगारा लाविला, तिसऱ्याने आपल्या मेव्हण्याचे असेच झाले होते ते सविस्तर सांगितले, आणि तो मेव्हणा शेवटी वारला हेही सांगितले. गाडी हलावयास पावणेआठ वाजले. परवेझ सर्व रस्ताभर चिंतातुर, भज्यांचे नाव काढवेना, आणि भागवतराव हॉटेलावरून न थांबता गेले, आणि दुपारी परत येईतो त्यांस भूक म्हणोन लागली नाही. कण्या खऱ्या ठरल्या. परंतु मोहीम सहानुभूतीने बुडविली होती. आणि भागवतराव कण्यांवर आले, अंथरुणास खिळले, ऐसी बातमी सवाऱ्यांमार्फत आप्पासाहेबांच्या कढईपर्यंत पोहोचली.

बुधवार उजाडला. कन्येने दार लावोन, खिडकीस पडदा ओढोन, पावणेसहासच बापास दोन वाट्या कण्या चारिल्या, एक वाटी आपण घेतली, आणि उरल्या कण्या दुपारसाठी डब्यात भरोन घेतल्या. बरोबर सातास गाडी हलली. बनुबाई ओट्यावरून पाहतच राहिल्या. सृष्टी पुढच्या बाकावर, मांडीवर पांढरा ॲप्रन घडी करोन बसली होती, आणि तिची नजर घड्याळावरून हलत नव्हती.

घाट लागला. हॉटेल दिसले. कढईचा वास खिडकीतून आत आला आणि लिहिणाराने, कबूल करतो, मान बाहेर काढिली. भागवतरावांनी मात्र तिकडे पाहिलेही नाही. फत्ते जाहली ऐसे वाटते न वाटते तोच मागून पत्र्यावर एक थाप पडली. एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. कोणी चाकाखाली आले तरी ड्रायव्हरास कळावयाचा तोच मार्ग, सबब ती थाप कोणी मोडीत नाही. भागवतरावांनी ब्रेक दाबला. पाहतात तो परवेझ पायरीवर, एक पाय खाली. धनी बरा जाहला म्हणोन त्यांचा जीव भांड्यात पडला होता, आणि जीव भांड्यात पडताच पोटाने उचल खाल्ली होती. कालचा दिवस त्यांचा उपाशी गेला होता. साऱ्या मसलतीत एका माणसाची भूक हिशेबात धरावयाची राहोन गेली, ही चूक.

एकदा उतरले की पाऊण तास, हे कन्येस ठाऊक. ती उठली आणि आपला डबा उघडोन पुढे केला.

"परवेझचाचा, हे खावा. पर गाडीतच खावा."

परवेझांनी डबा पाहिला, मग ॲप्रन पाहिला, मग तिचे तोंड पाहिले.

"आन् तुला गं?"

"मी सकाळी खाल्लंय. मला दुपारपातुर काय लागत न्हाई."

परवेझांनी खालचा पाय वर घेतला आणि पत्र्यावर दोन थापा दिल्या. तिकडे आप्पासाहेब झारा हाती घेऊन दारात उभे होते, ते लांब होत गेले. आणि परवेझ घाटाच्या वळणावळणावर दांडीस कोपर अडकवोन डबा खात राहिले, आणि शेवटी बोटाने डबा पुसोन घेतला. मागल्या बाकास कोणी काही दिले नाही, हेही नमूद असावे.

मग भिंगार मागे टाकोन, छावणीच्या सिग्नलात तीन मिनिटे अडकोन, आठ वाजोन बेचाळीस मिनिटांनी, एरवी स्टँडावर थांबणारी गाडी आज थेट कॉलेजाच्या दारी उभी राहिली. दार सताड उघडे होते. सृष्टी घाईने उतरली आणि ते उघडे दार पाहोन क्षणभर तेथेच थबकली. भागवतरावांनी काच खाली केली. बापास आता कोठे काही उमगले होते.

"इतके दिस तू हितं भायेर उभी ऱ्हायची व्हय? मला का न्हाई बोललीस?"

"तुमी भजी खात हुता, दादा. लई आवडीनं खात हुता."

 तिचा ॲप्रन सुरकुतला होता तो भागवतरावांनी खिडकीतून हात काढोन सारखा केला, आणि ती आत जाईतो गाडी हलविली नाही. मागून तीन हॉर्न वाजले, तरी हलविली नाही. लिहिणारास त्या वेळी फार वाईट वाटले, कारण त्या पाच उशिरांतली निदान दोन प्लेट भजी त्याची होती.

दुपारी एकास कन्या हसत बाहेर आली. प्रॅक्टिकल सोपे गेले म्हणाली. तेव्हा भागवतरावांनी जाहीर केले की आजपासून जाताना कण्या, येताना भजी, ऐसा तह कायम जाहला, आणि आज सर्वांची भजी त्यांच्याकडून. गाडी मोठ्या डौलाने हॉटेलासमोर थांबली. आप्पासाहेब धावत आले, भागवतरावांचा हात धरोन सावलीच्या बाकड्यावर नेऊन बसविले, पाठीस उशी दिली. मग सृष्टीपुढे भजी आली, परवेझपुढे आली, लिहिणारापुढेही आली. भागवतरावांपुढे एक वाटी आली, आणि वाटीत चमचा.

"आजाऱ्याला तळलेलं देत न्हाई आमी," आप्पासाहेब म्हणाले. "मंडळींनी मुद्दाम शिजवलंय. ज्वारीच्या कण्या हायेत."

"आरं, मी आजारी न्हाई."

"आजारी मानूस असंच म्हनतो."

भागवतरावांनी लेकीकडे पाहिले. लेकीच्या तोंडात भजे होते, तीही नुसता हात हलवू शकली. मग त्या शूर पुरुषाने चमचा उचलला.

येणेप्रमाणे घाट सर जाहला, परीक्षा मिळाली, आणि ज्याने फत्ते केली त्यास त्याच दिवशी कण्या दुसऱ्यांदा खाव्या लागल्या. मीठ कमी होते, तरी वाटी रिकामी केली. हे खरे म्हणोन मागल्या बाकावरच्याने तेलकट हाताने लिहिले, डाग पडले आहेत ते त्याचेच.