दोन मिनिटांची पाहुणी

डॉक्टर वैशंपायन समोर आलेल्या कुठल्याही माणसाला पहिल्या मिनिटाच्या आत विचारतात, "घरी कोण कोण असतं?" माणूस मराठी असेल तर मराठीत, नसेल तर "हू ऑल आर अ‍ॅट होम?" बॉयलर दुरुस्त करायला आलेल्याला त्यांनी हे विचारलं आणि बॉयलरचं काम दुसऱ्या दिवसावर गेलं. एकदा दोन बायका धर्मप्रचार करत त्यांच्या दारावर आल्या. तासाभराने बाहेर पडल्या तेव्हा एकीच्या सुनेचा स्वभाव आणि दुसरीच्या नवऱ्याचा गुडघा यांची साद्यंत चर्चा झाली होती. देवाचा विषय तेवढा राहून गेला होता.

आम्ही पुण्याहून इंग्लंडात, लंडनजवळच्या स्लाऊला आलो तेव्हा मलाही हा प्रश्न आला. मी म्हटलं, नवरा, मुलगी मुक्ता आणि अधूनमधून सासूबाई. नवरा आणि मुलगी यांच्यात त्यांना काही रस वाटला नाही, पण त्या 'अधूनमधून'वर त्यांनी माझी चांगली उलटतपासणी घेतली.

डॉक्टर मूळचे सांगलीचे. तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत भूल देण्याचं काम करून निवृत्त झालेले. आमच्या मागच्या रस्त्यावर राहायचे. विटकरी रंगाची एक विणलेली कानटोपी त्यांच्या डोक्यावर जुलैतही असे. सबंध स्लाऊमध्ये त्या टोपीकडे कुणी वळून बघत नाही अशी एकच जागा होती, ती म्हणजे बर्फाची रिंक. मुक्ता तिथे आइस हॉकी खेळायची. डॉक्टर एकदा तिचा खेळ बघायला म्हणून आले ते टोपीसकट तिथलेच झाले.

मुक्ता सतरा वर्षांची झाली आणि मुलींच्या मोठ्या संघात गेली. त्याच वर्षी त्या संघाने युरोपातल्या एका लीगमध्ये नाव घातलं. हंगेरी, ऑस्ट्रिया, इटली, स्लोव्हेनिया अशा चार-पाच देशांतले मुलींचे संघ एकमेकांच्या गावी जाऊन खेळायचे. त्यात आमचं नाव का घातलं हे पहिल्या सामन्यापर्यंत कुणाला नीट माहीत नव्हतं, आणि पहिल्या सामन्यानंतर तर विचारायचीही सोय उरली नाही. आम्ही अकरा गोलांनी हरलो होतो.

घरच्या सामन्याला लागणारी सगळी माणसं यजमान संघाने उभी करायची, असा तिथला नियम. म्हणजे अर्थात मुलींचे आईबाप. माझं अक्षर बरं आहे, या एकाच गुणावर मी स्कोअर लिहिणारी झाले, आणि पुढच्याच मीटिंगमध्ये उशिरा पोचले म्हणून सेक्रेटरीही झाले. राहिला पेनल्टी बॉक्सचा माणूस. खेळताना कुणी आडदांडपणा केला की रेफरी तिला दोन मिनिटं बाहेर बसवतो, आणि तेवढा वेळ तिचा संघ एक खेळाडू कमी घेऊन खेळतो. ती बसते त्या काचेच्या खोक्याला पेनल्टी बॉक्स म्हणतात. दोन्ही संघांचे दोन बॉक्स, मधे स्कोअर लिहिणारीचं टेबल. बॉक्सच्या माणसाने एवढंच करायचं, की शिक्षा संपली की दार उघडायचं.

"मी बसतो," डॉक्टर म्हणाले. "पण पाहुण्यांच्या बॉक्समध्ये. परगावाहून आलेल्या मुली. त्यांची उठबस कुणीतरी केली पाहिजे."

काका, ती शिक्षा असते, असं मी त्यांना दोनदा समजावलं. ते म्हणाले, शिक्षा रेफरीने केली, आपण कशाला करायची?

पुढच्या सामन्याला बॉक्समधल्या थंडगार बाकावर चौकड्यांची घोंगडी होती आणि कोपऱ्यात आलेपाकाचा डबा. धुसफुसत, काठी आपटत मुलगी आत यायची. डॉक्टर म्हणायचे, "सिट, सिट. दोन मिनिटांत जग बुडत नाही." हे अर्धं वाक्य मराठीत असूनही सगळ्या देशांच्या मुलींना कळायचं. मग आलेपाक पुढे यायचा आणि पाठोपाठ तो प्रश्न. ऑस्ट्रियाच्या संघाच्या मॅनेजरने एकदा आलेपाकाची वडी रुमालात बांधून तपासायला नेली होती, उत्तेजक वगैरे आहे की काय म्हणून. त्याचा निकाल आला नाही. पुढच्या खेपेला मात्र मॅनेजरच आणखी चार वड्या मागून घेऊन गेला.

माझ्या टेबलाला आणि बॉक्सला मधे एक खिडकीवजा फट होती. तिच्यातून मला सगळं ऐकू यायचं आणि त्यामुळे माझ्या स्कोअरमध्ये चुका व्हायच्या. मी एकदा त्यांना विचारलं, की काका, दोन मिनिटांत एवढं कसं काढून घेता?

"आयुष्यभर दोनच मिनिटं मिळाली," ते म्हणाले. "पेशंट टेबलावर आला की भूल लागेपर्यंत जेवढं बोलणं होईल तेवढं. नंतर तो झोपतो. उठला की त्याला सर्जन आठवतो, नर्स आठवते, शेजारच्या खाटेवरचा घोरणारा आठवतो. भूल देणारा कुणाला आठवत नाही. आणि आठवला तर समजायचं, की भूल नीट लागली नव्हती."

हे ते कुरकुरत नाही, अगदी अभिमानाने म्हणाले. ते दार मात्र त्यांनी कधी क्षणभरही उशिरा उघडलं नाही. दहा सेकंद राहिली की मी पेनाने काचेवर टकटक करायची, ते कडीवर हात ठेवायचे, आणि घड्याळ शून्यावर आलं की दार उघडायचं. बोलणं कुठेही आलेलं असो.

तर थंडीच्या सुरुवातीला हंगेरीचा संघ आला. त्यात इल्दिको नावाची एक दांडगी डिफेंडर होती. आमच्या मुली तिला लांबूनच वळसा घालायच्या. पहिल्या पेनल्टीत डॉक्टरांनी विचारलं, घरी कोण कोण असतं? ती म्हणाली, फक्त आजी. आजीचं खुब्याचं ऑपरेशन ठरलंय आणि ती नाही म्हणते. भूल दिली की आपण उठणार नाही, असं तिच्या मनाने घेतलंय.

आता हा विषय नेमका डॉक्टरांपुढे निघावा. ते सरसावून बसले, आजीचं वय विचारलं, हृदयाची चौकशी केली, आणि मुद्द्यावर येणार तेवढ्यात मी काचेवर टकटक केली. दार उघडलं. इल्दिको बर्फावर गेली ती मागे वळून बघतच. पाचव्या मिनिटाला तिने आमच्या एका मुलीच्या पायात काठी घातली आणि परत आली. "पाठीत सुई देऊन फक्त कमरेखाली भूल देता येते," डॉक्टरांनी सोडलेल्या जागेवरून पुढे सुरू केलं. "आजी जागी राहील. सर्जनशी गप्पा मारील." आजीला हे कोणत्या शब्दांत सांगायचं, हा भाग तेवढा राहिला. तो ऐकण्यासाठी इल्दिकोने आमच्या कॅप्टनला आडवं केलं.

सामना त्यांनीच जिंकला. पण त्यांच्या कोचच्या डोक्यात प्रकाश पडला होता. दोन आठवड्यांनी सेक्रेटरी म्हणून माझ्या हातात पत्र पडलं, की यजमानांचा माणूस आमच्या खेळाडूंना बॉक्समध्ये बसण्याची सवय लावतो आहे. लीगने निर्णय दिला. पुढच्या सीझनपासून त्या जागी ट्रेनिंग घेतलेला माणूस. तोपर्यंत डॉक्टरांनी बसावं, पण खेळाडूशी एक शब्द बोलू नये.

हे सांगायला मी त्यांच्या घरी गेले. इतक्या वर्षांत मी त्यांना दारापर्यंत सोडलं होतं, आत पहिल्यांदाच गेले. टेबलापाशी दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर लोकरीचा अर्धवट गुंडा. मी पत्र वाचून दाखवलं.

"नियम आहे तर पाळू," ते म्हणाले. मग पत्राची घडी घालत, "पण ती पोर दोन मिनिटं काय भिंतीकडे बघत बसणार?"

"काका, सगळीकडे तसंच बसतात."

"सगळीकडे," ते म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

त्यांनी नियम खरंच पाळला. सबंध जानेवारी ते तोंडावर बोट ठेवून मुलींना आत घ्यायचे आणि समोर बघत बसायचे. घोंगडी होती, आलेपाकही होता, पण डबा सरकवतानाही ते मान वळवत नसत. मला त्या फटीतून काहीच ऐकू येईना, आणि माझे स्कोअर बिनचूक व्हायला लागले. त्याचं मला अजिबात सुख झालं नाही.

फेब्रुवारीत रविवारी दुपारी शेवटचा घरचा सामना होता, परत हंगेरीशीच. डॉक्टर कोट इस्त्री करून आले होते. आमच्यावर नऊ गोल झाले, शेवटची पाच मिनिटं उरली, आणि इल्दिको एकदाही बॉक्समध्ये आली नव्हती. कोचने तिला बजावलेलं असणार. डॉक्टर दर मिनिटाला नाकाच्या शेंड्यावर आलेला चष्मा वर ढकलत होते.

मग ती शांतपणे स्वतःच्या गोलपोस्टपाशी गेली, आणि सगळ्यांच्या देखत दोन्ही हातांनी तिने तो जागेवरून ढकलून दिला. या गुन्ह्याला दोन मिनिटं आहेत. रेफरीने हात वर करायच्या आधीच ती बॉक्सकडे निघाली होती.

डॉक्टरांनी तोंडावर बोट ठेवलं. ती बसली, हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "आजी चालायला लागली. ऑपरेशनभर सर्जनशी बोलत होती. त्याला वेड लागायची पाळी आली." डॉक्टरांनी मान डोलावली. शब्द नाही. तिने आलेपाक घेतला. मिनिटभर दोघं समोर बघत बसली. मग तिने मान वळवली आणि त्यांच्याच इंग्रजीत विचारलं, "अँड यू, डॉक्टर? हू ऑल आर अ‍ॅट होम?"

घड्याळात वीस सेकंद होती. डॉक्टरांनी कानटोपी काढून मांडीवर घेतली. मी त्यांचं डोकं पहिल्यांदाच पाहत होते.

"आय हॅड वन सिस्टर," ते म्हणाले. "आक्का."

दहा सेकंद राहिली. मी पेन उचललं आणि परत टेबलावर ठेवलं. घड्याळ शून्यावर आलं. डॉक्टर बोलत होते आणि कडीकडे कुणाचा हात जात नव्हता. पलीकडून कोच ओरडत होता. अचानक आमच्या बाजूला आरडाओरडा झाला, घरच्यांनी बाकं बडवली, आणि मी वर बघेपर्यंत सगळ्या मुली मुक्ताच्या अंगावर पडल्या होत्या.

परतताना गाडीत डॉक्टर पुढे, मुक्ता मागे, ओल्या किटच्या वासासकट.

"आई, माझा पहिला गोल होता. तू बघितलं पण नाहीस."

"चुकलं माझं," मी म्हटलं. आणि ते नुसतं तिलाच नव्हतं. सात वर्षं हा माणूस आमच्या गणपतीला जेवून जात होता, आमच्या सासूबाईंच्या गुडघ्यापर्यंत सगळं त्याला पाठ होतं, आणि त्याच्या घरी कोण कोण असतं हे मी कधी विचारलं नव्हतं. मला लाज वाटली.

त्यांच्या घरापाशी गाडी थांबवली. "काका," मी विचारलं, "आक्का कशा होत्या?"

त्यांचा हात दाराच्या हँडलवर होता. "तीन महिन्यांसाठी आली होती माझ्या जेवणाची सोय करायला. बावीस वर्षं राहिली. तुम्ही येण्याच्या आदल्या वर्षी गेली. बायको गेली तर लोक भेटायला येतात गं. बहिणीला काय म्हणायचं ते इथे कुणाला कळेना. कार्डं आली दोन." ते कानटोपीची वीण चाचपत राहिले. "आणि तो प्रश्न माझा नव्हे. तिचा. नवीन होतो तेव्हा मी टेबलावरच्या पेशंटला पुन्हा पुन्हा वजन विचारायचो. दुसरं काही सुचायचं नाही. आक्का म्हणाली, अरे, घाबरलेल्या माणसाला वजन काय विचारतोस? घरी कोण कोण असतं विचार. तेवढा वेळ तो घरी जाऊन येतो."

 मागे मुक्ताला भूक लागलेली होती, अंघोळ व्हायची होती, तरी ती पुढे सरकून दोन सीटच्या मधे टेकली.

डॉक्टरांनी हँडलवरचा हात काढून घेतला. "सांगलीला आमच्या घराला मागे एक दार होतं," ते म्हणाले.

मी इंजिन बंद केलं.