लाल कापड आणि सहा घागरी

"या खेपेला काहीच फसायचं न्हाई!" असं कांताबाईनं भर ग्रामसभेत छातीठोक सांगितलं, तिथंच खरं तर चुकलं. आशाताई म्हणून चौदा वर्षांत तिनं इतक्या योजना येताना आणि जाताना बघितल्या होत्या, की नव्या योजनेचं नाव काढलं तरी तिचे गुडघे आधी दुखायला लागायचे. पण ही योजना घरची होती. तिच्या बहिणीची ज्योत्स्ना, जुन्या जालन्यात वाढलेली पोर, परदेशातल्या एका विद्यापीठात शिकत होती आणि तिनंच आष्टीजवळच्या या गावाला हे काम मिळवून दिलं होतं.

"जुन्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाला कायमचा निधी देऊन ठेवलाय, मावशी," ज्योत्स्नानं स्पीकरवर लावलेल्या फोनवरून समजावलं. "मुद्दलाला हात लावायचा न्हाई. त्याच्या कमाईतून आम्ही पोरांनी जगात कुठंही आरोग्याची कामं करायची."

"म्हणजे देवस्थानच्या जमिनीवाणी!" सरपंच तातेराव मधेच ओरडला. "जमीन विकायची न्हाई, पिकावर जत्रा करायची. बराबर!"

पहिला टप्पा म्हणजे शाळेच्या अंगणात हात धुवायचं यंत्र. पायानं पट्टी दाबली की पाणी यायचं आणि एक आकडा पुढं सरकायचा. तो आकडा थेट विद्यापीठात दिसायचा. तीन महिन्यांत तो दोन हजारांवर गेला, तरच दुसरा टप्पा मंजूर. दुसरा टप्पा म्हणजे उपकेंद्रात, बाळंतपणाच्या खोलीत, टाकी आणि तोटी.

कांताबाईचा सगळा जीव त्या तोटीत अडकला होता. बाई कळा देत असायची आणि ही हापशावर रांगेत उभी! एका बाळंतपणाला सहा घागरी लागायच्या. मागच्या श्रावणात ती भरल्या घागरीसकट पायरीवर आपटली, तेव्हापासून डावा गुडघा बिलकुल ऐकत नव्हता. देवा, एक तोटी दे, एवढंच तिचं मागणं होतं.

ज्योत्स्ना सुट्टीत आली, यंत्र बसवून गेली. अडीच महिन्यांनी तिचा फोन आला.

"मावशी, आकडा शून्य आहे! यंत्र बिघडलं का?"

कांताबाईनं कपाळाला हात लावला. यंत्र कशाचं बिघडतंय! त्याला कुणी हात लावला तर ना. त्यावर लाल कापड होतं, कापडावर फीत होती आणि उद्घाटनाला मोठे साहेब येणार होते. पहिल्या तारखेला साहेबांकडं लग्न निघालं, दुसऱ्या तारखेला मयत निघाली. तिसऱ्या तारखेला नुसताच त्यांचा ड्रायव्हर आला आणि पोटभर जेवून गेला. दर आठवड्याला कांताबाई सरपंचाच्या दारात जायची आणि चहा पिऊन परत यायची.

या वेळी तिनं चहासुद्धा घेतला नाही.

"सरपंच, पंधरा दिवस राह्यले. कापड काढा!"

"उद्घाटनाआधी?" तातेराव दचकला. "नव्या नवरीला वरातीआधीच पाण्याला धाडता का तुम्ही?"

"मंग उद्घाटन नका करू. ट्रायल घ्या! ट्रॅक्टर घेताना पूजेआधी चालवून बघितलाच होता ना तुम्ही?"

तातेरावानं फीत न कापता हळूच बाजूला सरकवली. गावच्या ग्रुपवर निरोप गेला, 'उद्घाटन नाही, फक्त ट्रायल.'

झालं! अख्खं गाव लोटलं. शेजारच्या गिरिजाबाईनं यंत्राला हळदकुंकू वाहिलं. म्हातारी माणसं चपला काढून, पट्टीला नमस्कार करून मगच पाय ठेवत होती. पोरं तर एकदा दाबून परत रांगेच्या शेवटी! दिवस मावळेपर्यंत आकडा दोन हजार सहाशे अकरा झाला.

आणि पाणी? एक थेंब नाही! यंत्राची टाकी उद्घाटनानंतर भरायची ठरली होती. यंत्र पाय मोजत होतं, हात कुणाचेच धुतले गेले नव्हते.

कांताबाईला लाज वाटली. पोरीच्या नावावर आपण खोटं केलं, असं तिला फार लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं गुडघ्याला तेल चोळलं, चौदा घागरी वाहून टाकी भरली आणि पोरांचे हात स्वतः धरून धुतले. पुढं रोज तेच.

महिन्याभरानं ज्योत्स्ना फोनवर नाचतच होती. "मंजूर झालं, मावशी! समितीवाले म्हणतात, त्या एका दिवशी गावात असं काय झालं होतं?"

"जागृती," कांताबाई थकून म्हणाली.

टाकी आली, तोटी बसली. त्याच आठवड्यात, भर दुपारी, गावातल्या मोनिकाला कळा सुरू झाल्या. कांताबाई तिला धरून उपकेंद्रात घेऊन गेली. आज घागर न्हाई! चौदा वर्षांत पहिल्यांदा ती त्या पायऱ्या हसत चढली.

खोलीचं दार उघडलं. तोटीवर लाल कापड होतं. वर फीत.

"साहेबांची तारीख पक्की आहे!" व्हरांड्यातून तातेराव म्हणाला. "आणि पहिला सत्कार तुमचाच, कांताबाई!"

कांताबाईनं रेणुका सिस्टरच्या टेबलावरची पट्ट्या कापायची कात्री उचलली.

"ट्रायल!" ती ओरडली. फीत कापली, कापड ओढलं आणि तोटी फिरवली.

फुस्स!

"अहो," तातेराव बाहेरून समजुतीनं म्हणाला, "टाकी उद्घाटनानंतर भरायची ठरलीय न्हवं!"

आत मोनिका ओरडत होती. कोपऱ्यातली घागर घेऊन कांताबाई हापशाकडं निघाली. लाल कापड मात्र तिनं सोबत नेलं. डोक्यावरच्या चुंबळीला ते चांगलं मऊ होतं.