धक्काप्रूफ जाकीट

"अंगातला कसलाही दोष मी कपड्यात जिरवतो," असं मास्तर गळ्यात टेप अडकवून सगळ्यांना सांगत. ढेरी म्हणा, एक खांदा वर एक खाली म्हणा, त्यांच्या कात्रीखाली सगळं सरळ व्हायचं. तेव्हा मोठ्या रायफलीचा धक्का जिरवणारं जाकीट शिवणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. निदान नेमबाजी क्लबच्या सचिवांना त्यांनी तसं छातीठोकपणे सांगून टाकलं होतं.

समोर रेडिमेडचं तीन मजली दुकान झाल्यापासून मास्तरांकडे लोक फक्त पँटची चेन बदलायला येत. क्लबची चाळीस जाकिटांची ऑर्डर मिळाली तरच दुकान तगणार होतं. सचिवांची अट एकच होती. ज्यानं शिवलं त्यानंच जाकीट घालून क्लबातली सगळ्यात मोठी रायफल चालवून दाखवायची.

तिथला प्रशिक्षक मास्तरांचा सख्खा मेहुणा. तो म्हणाला, "भावजी, रायफलीचा दस्ता खांद्यात घट्ट रुतवा. जरा सैल धरलात तर गाढवाची लाथ बसेल."

"जाकीट कुणी शिवलंय?" मास्तर म्हणाले. विषय संपला.

तरी घरी त्यांनी गुपचूप चाचणी घेतलीच. खांद्याच्या पॅडमध्ये दोन थर स्पंज, वर जुन्या कोटाचं कॅनव्हास. बायकोच्या हातात कापडाचा तागा देऊन ते म्हणाले, "हाण."

"किती जोरात?"

"बंदूक असल्यासारखं."

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. बाईंनी हातचं काही राखलं नाही. सातव्या दणक्याला मास्तर शिलाई मशीनला आदळून खाली बसले. "पॅड उत्तम आहे," ते कळवळत म्हणाले. तेव्हापासून कुणी नुसता हात वर केला तरी त्यांचे डोळे मिटायचे.

रविवारी क्लबात मेहुण्यानं आधी स्वतः एक गोळी झाडून दाखवली. त्याच्यासारखा पहिलवान गडी हातभर मागे सरकला. मास्तरांनी दाराकडे पाहिलं. पण बायको सुई-दोरा घेऊन मागे उभी, सचिव वही उघडून बाजूला. पळायची सोय नव्हती.

मास्तर स्टुलावर बसले. कानात बोळे, वर कानपट्टे, डोळे गच्च मिटलेले. मेहुण्यानं काडतूस भरलं आणि खांद्यावर थोपटून खूण केली. मास्तरांनी चाप ओढला.

त्यासरशी ते स्टुलासकट उताणे झाले. मेहुण्यानं रायफल वरच्या वर झेलली. मास्तर मात्र धूळ झटकत उठले, कानपट्टे काढले आणि विजयी चेहऱ्यानं म्हणाले, "बघितलंत? खांद्याला काही म्हणजे काही जाणवलं नाही! याला म्हणतात शिलाई."

मेहुण्यानं काडतूस काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"भावजी, हे रिकामं आहे. नवख्याला पहिलं असंच देतो आम्ही. धक्क्याआधीच कोण दचकतं ते कळतं."

सचिवांनी वही मिटली. मास्तरांना दुकानाचं खाली ओढलेलं शटर डोळ्यांपुढे दिसलं आणि त्यांना खरोखर रडू आलं.

"काढा ते इकडे," बायको म्हणाली.

तिनं जाकीट घातलं, भावाचं सांगणं नीट ऐकून दस्ता खांद्यात रुतवला आणि खरं काडतूस मागितलं. असा आवाज झाला की सचिवांचं पेन पडलं. बाई वीतभर मागे गेल्या, पुन्हा सरळ झाल्या आणि खांदा चाचपून म्हणाल्या, "पॅड ठीक आहे. काखेत अर्धा इंच सैल करायला हवं."

सचिवांनी अट बाजूला ठेवली आणि ऑर्डर जागेवर पक्की झाली. मापं घ्यायला वहिनींनी यावं, असं सचिवांनी दोनदा बजावलं.

घरी जाताना मास्तरांची छाती पुन्हा पुढे आली. "शेवटी जाकीट शिवलं कुणी होतं?" त्यांनी विचारलं.

बायकोनं कपाळावरचे केस मागे सारायला हात वर केला आणि मास्तर फुटपाथवर बसले.