अप्पांचं सातचं इंजिन

अप्पा माणसांचे दोनच प्रकार मानतात: पेट्रोल आणि डिझेल. पटकन भडकतो तो पेट्रोल. झाडून सगळे पुढारी, त्यांचा स्वतःचा जावई आणि मी, आम्ही पेट्रोल. "डिझेलचा माणूस उशिरा तापतो सर, पण तापला की डोंगर वढतो." डिझेलमध्ये सध्या ते आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, असे दोघंच आहेत.

लातुरात आमची भिंतीला भिंत. मुरुडच्या शेतात विजेची मोटर बसली तेव्हा अप्पांनी तिथलं जुनं डिझेल इंजिन इथं आणून घराच्या भिंतीलगत सिमेंटच्या ओट्यावर पक्कं केलं. या इंजिनानं विहीर उपसली, कडबा कापला, पिठाची गिरणी ओढली आणि लाईट गेल्यावर तीन लग्नं उजेडात लावली. आता त्याला काडीचं काम नाही. तरी रोज सकाळी सातला अप्पा हँडल मारतात आणि दहा मिनिटं धड् धड् धड्, आमच्या मांडणीतली भांडीसुद्धा नाचतात. "कशाला हो अप्पा?" विचारलं, की म्हणतात, "बसून गंज चढतो, सर. इंजिनला बी आन् माणसाला बी."

सातलाच घरी माझी फिजिक्सची शिकवणी असायची. एकदा मी फळ्यावर डिझेल इंजिन काढलं होतं. आपलं इंजिन बंद करून अप्पा आमचा पेपर परत द्यायला आले, दारात थबकले, चष्मा वर करून म्हणाले, "सर, ही ठिणगी कुणासाठी?"

मी सवयीनं पेट्रोल इंजिनासारखा स्पार्क प्लगही रेखाटला होता.

"आत निस्ती हवा घ्यायची, पोरांनो. पिस्टननं अशी दाबायची, अशी दाबायची, की तीच आगीवानी तापती. मग वरून डिझेलची बारीक फवार. आपोआप पेटतं! ठिणगी पेट्रोलला लागती. डिझेलला दाब बस झाला."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक जण तर म्हणाला, "अप्पा, उद्या तुम्हीच या!"

त्याच दुपारी मी महापालिकेच्या कचेरीत निनावी अर्ज टाकला: इंजिनाच्या आवाजानं विद्यार्थ्यांचं नुकसान होतं. आवाज हे निमित्त. त्या टाळ्या मला झोंबल्या होत्या. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

पंधरा दिवसांनी अप्पा नोटीस घेऊन माझ्याकडेच आले. "सर, इंजिन काढा म्हणायलेत. कशापायी चालवता, ते लिहून मागितलंय. तुम्ही झकास उत्तर द्या. लिहा, कडबा कापायला."

"गुरं कुठायत, अप्पा?"

"न्हाईत."

"मग?"

अप्पांनी आपल्या घराच्या दिशेनं बघितलं. मग हळूच म्हणाले, "हिला तीन वर्सं झाली, बिलकूल ऐकू येत न्हाई. देवळातली घंटा न्हाई, माझी हाक न्हाई. सकाळी भिंतीला तळवा लावून बसती. इंजिनची धडधड हाताला लागली, की म्हणती, आलं बघा ऐकू. तेवढं मातर लिहू नका, सर. लाजंल ती."

मी पेन खाली ठेवला. "अप्पा, तो अर्ज माझा होता. उद्या जाऊन माझ्या नावानं मागं घेतो."

अप्पांनी चष्मा काढून सदऱ्यानं पुसला. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी नोटिशीची घडी करून खिशात घातली. "चला आमच्याकडं, चहा घ्या."

माझा पडलेला चेहरा बघून काकूंनी हातानंच विचारलं, काय झालं? अप्पांनी माझ्याकडे बोट केलं, भिंतीपलीकडच्या इंजिनाकडे केलं आणि हवेतच हँडल गरगर फिरवून दाखवलं: सरांना इंजिन चालू करायला शिकायचंय.

काकूंचा चेहरा उजळला. "व्हय? मग या की उद्या सातला!" त्या मोठ्यांदा म्हणाल्या आणि माझ्या चहात आणखी एक चमचा साखर घातली.

हल्ली माझी शिकवणी साडेसातला असते.